इवाकिरी तोमिए यांच्या दोन्ही हातांची व्यवस्था

मी, इवाकिरी तोमिए, वय बहात्तर, राहणार साकाई, कै. इवाकिरी मोरियो यांची पत्नी, हा कागद पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा झाल्यावर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने लिहीत आहे. आमच्या कायद्याप्रमाणे तो स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. अक्षर वाकडे आहे, पण माझेच आहे.

राहते घर आणि त्याला लागून असलेला सुऱ्यांना मुठी बसवायचा आमचा कारखाना माझा एकुलता एक मुलगा शिगेहारू याच्या नावे करते. यजमानांचे धारेचे दगड त्याने वापरावेत किंवा वापरणाऱ्याला द्यावेत. बागेत शोभेला मांडू नयेत.

नणंद हात्सुए हिला दागिन्यांतले काहीही देऊ नये. कारण नोंदवून ठेवते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला संधिवाताने गाठले. आपलेच शरीर आपल्या सांध्यांवर उलटते आणि आतून दाह करत ते खात सुटते, असा हा रोग. सकाळी बोटे मिटत नसत, दुपारपर्यंत थोडी सुटत. त्यावर वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनींचे हात कामाच्या वेळीच बरे दुखतात! जेवायच्या वेळी चालतात की!" डॉ. निशिगाकी कानाको पहिल्या भेटीतच म्हणाल्या, "सकाळी आखडतात आणि मग सुटतात ना? हा आजारच तसा आहे. तुम्ही ढोंग करत नाही आहात." मी तिथेच रडले. तरी हात्सुएला माझा लोकरीचा कोट द्यावा. तिला थंडी सोसत नाही.

बचतीतला अर्धा भाग कै. कुसुमोतो यासुए यांच्या मुलीला द्यावा. शिगेहारूला हे नाव माहीत नाही, म्हणून लिहिते. डॉ. निशिगाकी दाह थोपवणाऱ्या एका नव्या औषधाची चाचणी घेत होत्या. काहींना सलाइनमधून खरे औषध, काहींना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय, हे त्यांनाही ठाऊक नसे. कुसुमोतोबाई माझ्या शेजारच्या खाटेवर असत. महिन्याभरात त्या संत्रे सोलू लागल्या. माझे हात होते तसेच. त्या फोडी माझ्या तोंडात घालत आणि म्हणत, "तोमिएबाई, माझ्यात औषध आलंय, तुमच्यात समुद्र!"

हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. हे औषध दाहाबरोबर तापही दाबते. अंगात ताप नाही, म्हणून त्या घरीच थांबल्या. दवाखान्यात आणले तेव्हा उशीर झाला होता. अंत्यविधीला डॉक्टर आल्या, तर कुसुमोतोबाईंच्या यजमानांनी त्यांना आत घेतले नाही. त्या फाटकाबाहेर पावसात उभ्या राहिल्या. मी त्यांच्यावर छत्री धरली नाही. धरवतही नव्हती.

पुढे मला खरे औषध मिळण्याची पाळी आली. डॉक्टर म्हणाल्या, "नको म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही."

मी विचारले, "मी नको म्हटलं तर कुसुमोतोबाई कशासाठी गेल्या?"

"त्यांच्यासाठी म्हणून घेऊ नका. तुम्हाला हवं असेल तरच घ्या."

"मला हवंय," मी म्हणाले. "मला नळ सोडता यायला हवाय."

त्यांनी मला बजावले: ताप नसला तरी खोकला आला की फोन करायचा. दोनदा केला, दोन्ही वेळा वाचले. तेव्हापासून हे औषध घेणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाला दवाखान्यात हे पहिल्याच दिवशी सांगतात. ते कोणाच्या जिवावर कळले, हे त्या मुलीने ऐकावे. तिने पैसे नाकारले तर आग्रह करू नये, पण एवढे तरी ऐकवावे.

आता मुख्य कलम. माझा देह विद्यापीठाच्या वैद्यक विभागाला द्यावा; अभ्यास संपला की दहन करून अस्थी ते घरच्यांना परत देतात. माझा डावा हात औषधाआधीच वाकडा झाला, उजव्याचे वाकडे होणे औषधाने थांबले. एकाच बाईचे असे दोन हात पाहायला मिळाले तर आतले पुष्कळ कळेल, असे डॉ. निशिगाकी यांचे मत. त्यांनी मागितले नाही. मी विचारले तेव्हा सांगितले. यास मुलाची संमती लागते. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

मग एकदा जेवताना म्हणाला, "आई, अस्थी वेचायला आम्ही वर्ष-दोन वर्षं थांबायचं?"

"थांबायचं. घाई कोणाला आहे?"

"आणि ते लोक तुझे हात कापणार?"

"हो. बघण्यासाठीच तर देतेय."

काल त्याने संमतीच्या कागदावर शिक्का उठवला. एकच अट घातली: विद्यापीठाची गाडी येण्याआधी माझे हात तो स्वतः कोमट पाण्याने धुणार, आणि तेवढा वेळ कोणी दारावरची घंटा वाजवायची नाही. ही अट मला मान्य आहे. विद्यापीठानेही पाळावी.

साक्षीदारांची कायद्याने गरज नाही. माझ्या समाधानासाठी घेतले आहेत.

साक्षीदार: ओकुनो तात्सुजी, सुऱ्यांना धार लावणारे, शेजारी (सही)
साक्षीदार: इवाकिरी हात्सुए, नणंद. वाचून, भांडून, मग सही केली (सही)

इवाकिरी तोमिए (सही व शिक्का, उजव्या हाताने)
साकाई, ११ नोव्हेंबर, रेइवा ७ (इ.स. २०२५)