नऊ तारखेचा होकार

४ एप्रिल

आठशे बारा लोकांना एकच मेल! वाद्यदुरुस्तीच्या दुकानात हे काम गळ्यात पडेल असं वाटलं नव्हतं. मी आले होते गिटारच्या तारा चढवायला शिकायला.

मास्तर म्हणाले, "नवा नियम आहे. आपलं मासिक पत्र हवंय का, ते प्रत्येकाला विचारायचं. जो 'हो' दाबेल तोच यादीत. बाकीची नावं काढायची."

मी म्हटलं, आणि कोणी काहीच नाही बोललं तर?

"गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, भिंगरी."

भिंगरी म्हणजे मी. दोन वर्षांत हे पाचवं गाव — पायाला भिंगरीच आहे म्हणतात.

खिडकीबाहेर एक माणूस शिडी घेऊन चालला होता, दमला आणि शिडीवरच बसला. बराच वेळ बघत होते. असो.

९ एप्रिल

फक्त सत्त्याण्णव! मास्तरांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला. "वीस वर्षं दुकान चालवलं. एवढीच माणसं आपली?" परत चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतंच. मला बघवेना.

ते जेवायला गेले तेव्हा दुरुस्तीची वही काढली. ज्यांची नावं दोन-तीनदा आलीत अशा चाळीसजणांपुढे 'हो' टाकला, तारीख आजची. नाहीतरी ते हो म्हणणारच होते — आळस केला असेल, दुसरं काय!

परतल्यावर मास्तर: "एकशे सदतीस? बघ, आपण उगाच रडत होतो!" दिवसभर शीळ घालत व्हायोलिनची मान चिकटवत होते.

१५ एप्रिल

पत्र गेलं एकदाचं.

१७ एप्रिल



दुपारी एक काकू आल्या. हातात आमचंच पत्र, छापून आणलेलं. बोट तळाच्या बारीक ओळीवर — 'आपण ९ एप्रिलला होकार दिलात म्हणून हे पत्र पाठवत आहोत.'

पत्र त्यांच्या मुलीच्या नावावर आलंय. मुलगी जानेवारीपासून बेपत्ता आहे.

"तिची मेल रोज मीच उघडते," म्हणाल्या. "तुम्ही विचारलेलं तेही पाहिलं होतं. मी काही दाबलं नाही हो. म्हणजे तिनंच दाबलं ना? नऊ तारखेला ती होती ना कुठेतरी?"

मास्तर म्हणाले, "भिंगरी, काकूंना नोंद दाखव."

दाखवली. वहीत तीनदा नाव, व्हायोलिन. मी तिला कधी पाहिलेलंही नाही! काकूंनी पडद्यावरच्या त्या 'हो'वरून हळूच बोट फिरवलं.

१८ एप्रिल

पोलीस आले. दोघे. "कुठून दाबलं ते कळतं का?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही." कळणार कुठून — कोणी दाबलंच नाही!

काकू सांगत होत्या, जानेवारीत याच पोलिसांनी त्यांना परत पाठवलं होतं — "सज्ञान आहे, येईल आपली आपण." आज मात्र फोटो मागून घेतला.

१९ एप्रिल

काकू पुन्हा आल्या. मास्तरांच्या पाया पडायला वाकल्या. ते मागे सरकले, "अहो ताई, हे काय!" मी आतल्या खोलीत जाऊन तारांची गुंडाळी सोडवत बसले. ती काही गुंतलेली नव्हती.

२० एप्रिल

सकाळी पिशवी भरून बसस्टँडवर गेले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, पहिली गाडी येईल तिकडे. तिकीट खिडकीशेजारी तिचा फोटो लावलाय. हसतेय. माझ्याएवढीच असेल.

माझ्या आईला मी शेवटचं कधी कळवलं होतं? आठवेना.

गाडी आली. गेली. पिशवी घेऊन परत.

२१ एप्रिल

काकूंकडे जाऊन सांगून टाकलं. "तो 'हो' मी टाकला. तुमच्या मुलीनं नाही."

काकू उठल्या. वाटलं मारतील. त्यांनी दार लावून घेतलं.

"तीन महिने चौकीत माझा फोन कोणी उचलत नव्हतं. आता चार पोलीस तिला शोधतायत. पोलिसांना सांगू नकोस, पोरी. राहू दे तो 'हो'."