मूल बापाचं

इलिनॉय, नोव्हेंबर १८५१

प्रिय लविनिया,
तुला आणि माझ्या हॅनाला अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. शाळेतली शेगडी चांगली पेटते, पोरंही धाकात आहेत. हॅनाचा खोकला गेला का?

काल अमोसने हॅनाच्या ताब्यासाठी मला कोर्टात खेचलं. न्यायाधीश म्हणाले, "बाई, नवरा पिवो की मारो, मूल कायद्याने बापाचंच."

मी म्हटलं, "मग पुढचं बाळंतपणही त्यालाच सांगा."

सगळे हसले. निकाल तोच राहिला.

अमोस हॅनाला न्यायला तुझ्याकडे निघाला आहे. तिला लगेच रूथमावशीच्या शेतावर पोहोचव. तिथे ती अनाथ म्हणून राहील. "माझी आई वारली" असं म्हणायला तिला शिकव. मी तिचं खोटं कधी खपवून घेतलं नाही, त्यामुळे ती अडेल. अडली तर रागव, पण म्हणवून घे.

तुझीच,
टॅबिथा