दुसऱ्यांदा वर केलेला हात

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

डेल्फ्ट, हॉलंड
१२ जून १९९४

ती. उमाअक्कास वीरेशचा शि. सा. न. वि. वि.

तू ग्रामपंचायतीत निवडून आलीस हे वाचून मी इथल्या वसतिगृहात सगळ्यांना चहा पाजला. आता तुझ्याशी बोलायला आधी अर्ज करावा लागेल की काय?

बंकट धरून त्याच्या गटाचे चार सदस्य, पंडितगुरुजी धरून त्यांच्या गटाचे चार आणि नववी तू एकटी. अक्का, इथं अख्ख्या देशाचं असंच झालंय. मेच्या सुरुवातीला निवडणूक झाली, अजून मंत्रिमंडळ नाही. एक पक्ष कामगारांचा, दुसरा व्यापाऱ्यांचा. दोघांचं जन्मात पटलेलं नाही. मधला तिसरा पक्ष म्हणतो, दोघं एकत्र येत असाल तरच मी येतो. महिना झाला, बोलणी चालूच आहेत.

इथली एक रीत मला फार आवडली. खात्याचा मंत्री एका पक्षाचा असेल, तर त्याच्या हाताखालचा राज्यमंत्री बहुधा दुसऱ्या पक्षाचा नेमतात. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं त्याच्याकडे बघत राहायचं. भांडण होतं, पण चोरून काही होत नाही.

वैजिनाथदाजींना नमस्कार. दुकान कसं चाललंय ते लिही. तुझी माया आहे तशीच इकडे येत राहू दे.

तुझा,
वीरेश

॥ श्री मल्लिकार्जुन प्रसन्न ॥

श्रीशैल
२९ जून १९९४

चि. वीरेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रावरचं गाव बघून दचकू नकोस. सरपंच निवडीच्या सभेची तारीख निघाली आणि त्याच दिवशी बंकटची जीप दारात आली. देवदर्शनाला चला म्हणाले. बंकटचे चौघं, मी आणि तुझे दाजी. सभा अकरा जुलैला आहे, तोवर आम्हाला गावाकडं नेणार नाहीत. पंडितगुरुजींच्या माणसांनी मला गाठू नये म्हणून हा बंदोबस्त. देवळात जाताना बंकटचा ड्रायव्हर सटवा दहा पावलं मागं असतो. मल्लिकार्जुनाला माझ्यापेक्षा त्याचंच दर्शन जास्त घडलं.

तुझ्या दाजींनी बंकटला शब्द दिलाय, की उमाचा हात सरपंचपदाला तुमच्याच नावावर वर होईल. त्याच्या बदल्यात बंकट मला उपसरपंच करणार. दाजी खुशीत आहेत. शिक्का दुकानाच्या गल्ल्यात ठेवायचा, असंही त्यांनी ठरवून टाकलंय. मला अजून कुणी विचारलेलं नाही.

मला मतं दिली ती खालच्या वस्तीनं. पावसानं ओढ दिलीय, पाण्याचा टँकर अजून येतो. तो बंकटच्या गल्लीत रिकामा होतो आणि वस्तीला खडखडाट. मी बंकटच्या मेहरबानीनं उपसरपंच झाले, तर त्याला टँकरचं काय विचारणार?

तुझी ती राज्यमंत्र्याची रीत डोक्यातून जात नाही. सरपंचाचं आणि उपसरपंचाचं मत वेगवेगळं होतं. म्हणजे माझा हात दोनदा वर होणार. वस्तीतली भिवराबाई गुरुजींच्या बाजूनं निवडून आलीय. खमकी बाई आहे. यापुढचं लिहीत नाही, तू ओळखशील.

हे पत्र प्रसाद घ्यायच्या निमित्तानं पेटीत टाकते. काळजी करत बसू नकोस, पण आठवण ठेव.

तुझी,
अक्का

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

डेल्फ्ट
९ जुलै १९९४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. हे तुला वेळेत पोचणार नाही असं वाटतं, तरी लिहितो.

भिवराबाईसाठी तो दुसरा हात वर करू नकोस. मी ज्यांचं कौतुक लिहिलं त्यांची बोलणी जूनअखेरीला फिसकटली. पण इथं फिसकटलं तर माणसं सायकलवर बसून घरी जातात, दुसऱ्या दिवशी कुणी त्यांच्या दुकानात यायचं थांबत नाही. तुला त्याच गावात राहायचंय, त्याच घरात. दाजींचा शब्द मोडला तर ते चारचौघांत तोंड कसं दाखवतील? शिवाय भिवराबाई दसरा झाला की ऊसतोडीला जाणार. मग तुझा पहारेकरी सहा महिने कुठं?

देतात ते पद घे. मी शहाणपणा शिकवायला नको होता. सभेचं काय झालं ते लगेच कळव, माझं अभ्यासात लक्ष नाही.

तुझा,
वीरेश

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

मु. पो. तेलगाव
१९ जुलै १९९४

चि. वीरेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. सभा होऊन आठवडा झाला.

सरपंचपदाला मी बंकटसाठी हात वर केला. पाच विरुद्ध चार. दाजींनी शब्द दिला होता तो एवढाच, आणि तो मी पाळला. मग उपसरपंचासाठी बंकटनं माझं नाव घेतलं. मी उठून सांगितलं की मला नको. गुरुजींनी भिवराबाईचं नाव दिलं आणि मी पुन्हा हात वर केला. बंकटनं घाईनं दुसरं नाव पुढं केलं, पण चारच हात निघाले. निवडणूक घ्यायला आलेल्या साहेबांनी दोनदा मोजले.

दाजी बाहेर हार घेऊन उभे होते. हार तिथंच कट्ट्यावर ठेवून ते निघून गेले. मी भिवराबाईबरोबर चालत घरी आले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की दुकानात नेऊन जेवतात. बंकटच्या गल्लीनं आमच्याकडून किराणा घ्यायचं सोडलंय. बंकट येऊन म्हणाला, वहिनीनं दगा दिला. संध्याकाळी गुरुजी आले, सरपंचपद गेलं म्हणून तेही तेच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं असेल.

दिवसा मी ताठ असते. ताट दुकानाकडं गेलं की अवसान गळतं. तू चुकीचं लिहिलं नव्हतंस. पण मला काय करायचंय ते मला श्रीशैललाच माहीत होतं, तुझ्यावर त्याचं ओझं नाही. लिहीत राहा, सध्या माझ्याशी बोलणारा तूच आहेस.

तुझी,
अक्का

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

डेल्फ्ट
२४ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

परवा इथलं मंत्रिमंडळ एकदाचं झालं. मोडलेली बोलणी पुन्हा जुळली. पाच मंत्री कामगारांच्या पक्षाचे, पाच व्यापाऱ्यांच्या, चार तिसऱ्याचे. पंतप्रधान कामगारांचा. तिजोरी व्यापाऱ्यांकडे, पण त्या खात्यातला राज्यमंत्री पुन्हा कामगारांचा. राणीसोबत पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो आलाय. शेजारी शेजारी उभे आहेत, पण एकमेकांच्या खांद्याला खांदा लागू देत नाहीत.

बघताना तुझीच आठवण येत होती. यांच्या घरात कुणी बोलायचं थांबलं असेल का, ते पेपरात येत नाही. दाजी बोलले का?

तुझ्या एका ओळीची वाट बघणारा,
वीरेश

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

मु. पो. तेलगाव
८ सप्टेंबर १९९४

चि. वीरेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उद्या गणपती बसतील, घाईत लिहितेय.

भिवराबाईचं तू लिहिलंस ते खरं निघालं. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते. ती थांबली तर तिचा नवरा आसाराम एकटा जाऊन काय करणार? तिचं अजून ठरत नाही. बंकटनं हे बरोबर हेरलं. टँकर कुठं थांबवायचा हा विषय त्यानं दसऱ्यानंतरच्या सभेत ढकलायचं ठरवलं, आणि पाचवा हात माझाच लागतो म्हणून मला ते चालेल का हे विचारायला आज सटवाला दुकानात धाडलं. नेहमीसारखं दाजींनाच विचारायला.

मी आत तांदूळ निवडत होते, सगळं ऐकू आलं. बंकटशेट म्हणतात गल्लीची उधारी-खरेदी पुन्हा सुरू करू, तुमी फक्त हो म्हणा, असं सटवा सांगत होता. दाजी गूळ तोलत होते. तोलून पुडा बांधला. मग म्हणाले, "ती आत हाय. तिलाच इचारा. तिचा हात कवा वर होईल ते मला ठावं न्हाई."

सटवा चपला काढून आत आला. श्रीशैलला पंधरा-वीस दिवस माझ्या मागं फिरला, पण मला काय म्हणून हाक मारायची ते त्याला सुचेना. मी त्याला बसायला पाट दिला आणि सांगितलं, विषय याच सोमवारच्या सभेत घ्यायचा, भिवराबाई गावात आहे तोवर. तो गेला.

आता बंकट काय करील माहीत नाही. गल्लीतलं गिऱ्हाईक काही परत आलं नाही. दुपारी मी ताट वाढलं. दाजी ते दुकानाकडं घेऊन निघाले, दारात थांबले, परत येऊन पाटावर बसले. जेवण अर्धं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, सोमवारी तुला सभेला जायचंय तर स्वयंपाक लवकर होईल का.

होईल, मी म्हणाले.

तब्येतीला जप, आणि आम्हा दोघांवरही माया राहू दे.

तुझी,
अक्का