दोन हॉर्न

सोलापूर, जानेवारी १९७७. रविवार, संध्याकाळ.

माझ्या जुन्या मित्राला, दिलीपला, आत्ताच स्टेशनवर सोडून आलो. अमेरिकेहून सुट्टीवर आला होता, संपली सुट्टी. सकाळी माझ्या मोटरसायकलवर दोघे टेंभुर्णीला चहा पिऊन आलो. पूर्वी दोघांच्या दोन मोटरसायकली असायच्या. पुढच्यानं दोन हॉर्न द्यायचे, म्हणजे ‘आहेस का?’ मागच्यानं दोन द्यायचे, म्हणजे ‘आहे’. वाटेत एवढंच आमचं बोलणं.

चहा पिताना म्हणाला, “तिकडं मोटरसायकलला रेडिओ बसवलाय. चालवता चालवता बोलायचं. मैलभर लांबच्यालाही ऐकू जातं. खरं नाव कुणी सांगत नाही, टोपणनाव घ्यायचं.”

“तुझं काय?”

“टेंभुर्णी.” हसला. “कुणाला धड म्हणता येत नाही की!”

मला रागच आला. टेंभुर्णी आमच्या दोघांची, ती परक्यांना कशाला? मग वाटलं, त्या नावानं त्याला रोज कुणीतरी हाक मारतंय. मी नाही.

परतताना तो माझ्या मागेच बसलेला, अगदी कानाशी. बोलायला रेडिओची गरजच नव्हती. तरी मोहोळपर्यंत दोघंही गप्प. का?

त्याची रेल्वे सुटल्यावर बाहेर आलो, मोटरसायकल चालू केली आणि हात आपोआप हॉर्नवर गेला. दोन हॉर्न. आणि थांबलो, उत्तरासाठी.

पुढच्या टांगेवाल्यानं घाईघाईनं घोडा बाजूला घेतला. “जावा की सायेब, वाट मोकळी हाय.”

त्याला कसं सांगू, वाट मागत नव्हतो मी.