खलनायक जावई

३ सप्टेंबर, लोअर हट, न्यूझीलंड
जावईबापूंना कोलंबोहून फोन — नाटकात राजाचं काम! तालमी, मग दौरा, सहा महिने तरी. देव पावला. श्रिया हॉस्पिटलात फार्मसिस्ट, पक्की नोकरी. आणि नवरा कोण, तर सिंहली सिनेमातला खलनायक. नाटकाच्या दौऱ्यावर वेलिंग्टनला आला आणि राहिलाच. आता घरी आमटी करतो. जाऊ दे एकदाचा, माझी पोर मोकळी होईल.

५ सप्टेंबर
रुवन म्हणतो, "अम्मा, विचार करतो." विचार कसला डोंबलाचा? शुभस्य शीघ्रम्.

८ सप्टेंबर
त्यांच्या विहारात गेलो होतो. रुवन दूधभात वाढत होता. एक म्हातारी त्याच्या हातून घेईना. कुठल्याशा सिनेमात याने सख्ख्या बहिणीची जमीन लाटली होती म्हणे. वीस वर्षं झाली त्याला! हा हात जोडून हसतोय. माझंच डोकं फिरलं. म्हटलं, "अहो आजी, हा रोज माझ्या गुडघ्यांना तेल चोळतो." मराठीत म्हटलं. काय कळणार तिला, कपाळ.

११ सप्टेंबर
त्याचे सिनेमे बघतेय. भाषा कळत नाही, पण शेवटी मार हाच खातो. श्रिया सांगत होती — शाळेच्या नाटकात भालदार होता, तिथून सुरुवात. पुढे पंचवीस वर्षं रंगभूमीवर. चोर झाला, सावकार झाला, दुष्ट दीर झाला. राजा कधीच नाही.
काम चांगलं करतो मेला.

१४ सप्टेंबर
रुवन सकाळी माझ्यासमोर गुडघे टेकून बसला, हातात विड्याच्या पानांची जुडी. श्रियाही शेजारी वाकली. मी एक पान काढलं, पदराला पुसलं, देठ खुडला आणि खाल्लं. दोघं बघतच राहिली. नंतर कळलं, निघण्याआधी मोठ्यांना पानं देऊन पाया पडायची त्यांच्यात रीत. खायची नसतात. मला कोण सांगणार?
"अम्मा, जायला परवानगी?"
"खुशाल जा," म्हटलं. तोंडात पान, मन अगदी मोठं.

१५ सप्टेंबर
श्रियाने राजीनामा दिलाय. तीही चालली. कालचा नमस्कार दोघांचा होता. घर भाड्याने देणार, मला पुण्याला पोचवून दोघं पुढे कोलंबोला. "आई, तूच तर खुशाल जा म्हणालीस."
लेक जातेय म्हणून रडले, तिच्यासमोरच. तो जातोय म्हणूनही रडले. ते तिला नाही सांगितलं.