चंद्रीचा ताबा

मी, भीमाबाई कोम बाळाप्पा कडोलकर, वय अडुसष्ट, राहणार जुनी हुबळी, धंदा घरकाम व मुधोळची कारवानी कुत्री पाळणे, हे माझे शेवटचे इच्छापत्र सांगून लिहवीत आहे. लिहिणारे रामचंद्र मास्तर आमच्या गल्लीतलेच. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही की भूल पाडलेली नाही. थकवा मात्र फार आला आहे, तेही लिहा मास्तर.

१. राहते घर परसासकट मुलगा नारायण यास. त्याच्या बापाने बांधले, त्यालाच जावे. परसातले कुत्र्यांचे छप्पर मात्र पाडून टाकावे.

२. पोस्टात जे काही निघेल ते मुलगी मथुरा हीस. ती धारवाडला सप्तापुरात राहते, शाळेवर शिकवते, आणि घरामागे शेड घालून लोकांनी टाकलेली, कुत्री धरणाऱ्या गाडीतून सोडवलेली कुत्री सांभाळते. लग्न का केले नाहीस, हा प्रश्न मी आजपासून मागे घेते.

३. आता चंद्री. ही आमच्या घरातली शेवटची कुत्री. खरे म्हणजे हा सगळा कागद तिच्यासाठीच आहे.

आमच्या घरची रीत अशी की, पिल्लू मागायला येणाऱ्याने आपल्या घरच्या पिठाची भाकरी आणावी आणि स्वतःच्या हाताने पिल्लाच्या आईला भरवावी. तिने खाल्ली तर पुढची बोलणी. तिने तोंड फिरवले तर माणूस कितीही मोठा असो, 'होगली बिडू, राहू द्या' म्हणून चहा पाजून परत पाठवायचे. पळायला रान आहे का, दिवसभर घरात कोण असते, हेही विचारायचे. नाहीच जमले तर कुत्रे आमच्याच दारी आणून सोडायचे, असा शब्द घ्यायचा. कुत्रीला एका वेतानंतर पुरती विश्रांती. माझे मालक बाळाप्पा म्हणायचे, "पिल्लू विकायचं नसतं, द्यायचं असतं." पैसे घ्यायचेच म्हणा, पण तोरा देणाऱ्याचा.

यावरून आम्ही मायलेकी दर सणाला भांडलो. मथुरा म्हणायची, "अव्वा, टाकलेली एवढी पडली असताना नवी जन्माला घालता कशाला?" मी म्हणायची, "कुत्रं घ्यावं तर त्याची आई-आजी ठाऊक असावी. रस्त्यावरची ती कोण कुणाची?" ती म्हणायची, "त्यांनाही आई होतीच की." मला फार राग यायचा, मी ताट सोडून परसात कुत्र्यांकडे जायची.

गेल्या साली मी अंथरुणावर असताना नारायणाने चंद्रीला लागोपाठ दुसऱ्यांदा नराकडे नेले. पिल्ले चालायला लागली तशी गिऱ्हाइके आणली. भाकरीची रीत त्याने मोडली नाही. मोडली असती तर बरे झाले असते. त्याने चंद्रीला दोन दिवस उपाशी ठेवले. मग तिने ज्याच्या त्याच्या हातचे खाल्ले. बाहेर जो तो "खाल्लं, खाल्लं" म्हणत होता, आणि मी आत पडल्या पडल्या म्हणत होते, किती भली माणसे आली आज! शेजारच्या यल्लव्वाने खरे सांगितले तोवर सगळी पिल्ले गेली होती.

पावसाळ्याआधी मथुराने त्यातले एक, घेणाऱ्याने टाकून दिलेले, आणून माझ्या मांडीवर ठेवले. खोलीत बांधून बांधून पाय वाकलेले, गळ्यात दोरी रुतलेली. चंद्री त्याला चाटत बसली. मथुरा त्या दोरीची गाठ सोडवत बसली. टोमणा मारला असता तर मी भांडले असते.

नारायणाचे म्हणणे, "अव्वा, जात टिकायला पाहिजे. आप्पांचं नाव जाईल." नारू, तुझ्या आप्पांचे नाव दारावरच्या पाटीवर आहे, तेवढे पुरे. मागच्या वेताला ही मरता मरता वाचली, ते तू डोळ्यांनी बघितलेस. सबब चंद्रीचा ताबा मथुराकडे जावा.

४. मथुरानेही चार शब्द ऐकावेत. कोणी डोळ्यांत पाणी आणले की तू कुत्रे देऊन मोकळी होतेस, आणि मग ती परत येतात. दया येणारा माणूस सांभाळेलच असे नाही, बाई. तुझ्याकडे आई दाखवायला नसते, तर कुत्र्यालाच त्याच्या हातची भाकरी खाऊ दे, पण पोट भरलेले असताना. भुकेल्याची कसली परीक्षा घ्यायची? ज्याला कारवानीच हवे त्यानेही आधी तुझ्या शेडमध्ये एक चक्कर मारावी. तरी हवेच असेल तर नीट पाळणारा शोधावा. जो पिल्लाची आई दाखवत नाही, त्याच्या दारात उभेही राहू नये.

५. नारायण म्हणेल, कुत्री घराबरोबरची, म्हणून माझी. मास्तरांच्या मते असा वाद निघू शकतो. मला वाद नको, आणि तो मिटेपर्यंत मी काही थांबणार नाही. म्हणून परवा मथुराला बोलावून चंद्रीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले आणि तिची पिशवी काढवून घेतली. या घरातली बाळाप्पांच्या कुत्र्यांची ओळ संपली. अहो, रागावला असाल तर मी वर आल्यावर बोलू. रात्रभर मला रडू आवरले नाही, आणि ती मात्र माझ्या पायाशी गाढ झोपली होती.

नारू, आता हा कागद फाडलास तरी चालेल. टाके ओले आहेत तोवर तिला उडी मारू देऊ नकोस.

वरील मजकूर मास्तरांनी मला वाचून दाखवला, साक्षीदारांना कानडीतून सांगितला. माझ्या बोलण्याबरहुकूम आहे.

सही: भीमाबाई बाळाप्पा कडोलकर

साक्षीदार:
यल्लव्वा कोम अप्पाजी, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)
महादेव लक्ष्मण गावडे, दूधवाला (सही)

हस्ताक्षर: रामचंद्र मास्तर

मुक्काम जुनी हुबळी, दिनांक १७ सप्टेंबर १९८४