शेजारणीचा प्रश्न

बोरीवली,
२० जानेवारी १९५७

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. दोन ओळी खुशालीच्या, एक मुलुंडच्या थंडीची आणि पुढे तीन पानं शेजारणीची. शेजारच्या बाईत एवढा जीव अडकवणारी तू नव्हेस. पण लग्नानंतर माणसं सुधारतात म्हणायचं. बाईंची हकीकत मी दोनदा वाचली आणि तुझ्या वहिनीला एकदा वाचून दाखवली. नवरा मोठ्या कचेरीत, पगार चांगला, बोलणं सभ्य, आणि मन गेलं वर्षभर दुसरीकडे. आता तो म्हणतो, तुझी प्रकृती उतरली आहे, चार-सहा महिने भावाकडे जाऊन राहा. बाईंना दोनच गोष्टी विचारायच्या आहेत: जावं का, आणि भाऊ ठेवून घेईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते शेवटी देतो. आम्ही वकील नेहमी असंच करतो.

बाईंनी तुझ्यामार्फत विचारलं याचं मला नवल वाटलं नाही. दर रविवारी सकाळी मी वाचनालयाच्या ओट्यावर फुकट सल्ला द्यायला बसतो, हे तुला ठाऊकच आहे. 'दादाला फुकट बोलायची सवय लहानपणापासून आहे', असं तू ऐकल्याबरोबर म्हणाली होतीस. सुरुवातीला कमिटीने तिथे 'गोरगरिबांसाठी मोफत कायदेशीर सल्ला' अशी भली मोठी पाटी लावली. गोरगरीब फिरकले नाहीत. दोन बंगलेवाले मात्र आले, एक कुंपणासाठी आणि दुसरा शेजाऱ्याच्या फणसासाठी. मग तुझ्या प्रेमावहिनीने पाटी उतरवून तिथे पाण्याचा माठ ठेवला. आता बाजारातून परतणाऱ्या बायका पाणी प्यायला थांबतात, ओट्यावर टेकतात, पदराने तोंड पुसतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, आमच्या शेजारी एक बाई आहे ना..." आजवर स्वतःचं दुखणं घेऊन एकही आलेली नाही. बोरीवलीतल्या सगळ्या बायका सुखात आहेत आणि सगळ्यांच्या शेजारणी दुःखात. मीही शेजारणीलाच सल्ला देतो. त्यांचा मान राहतो आणि काम होतं.

शेवंती अशीच आली. मालवणकडची, नवरा गिरणीत. हिची शेजारीण म्हणे हवापालटाला गावी गेली होती. परतली तर खोलीत दुसरीच बाई चूल फुंकत होती. लग्न केलेलं नव्हतं. एक बायको असताना दुसरी करायला बंदी आहे, एवढा कायदा त्या नवऱ्याला बरोबर पाठ होता. आम्ही पोटगीचा अर्ज केला तेव्हा तो हात जोडून कोर्टाला म्हणाला, साहेब, मी नाही टाकली, तीच मला टाकून गेली. सुहास, या वाक्याला कायद्यात फार वजन आहे. बाई आपण होऊन घर सोडून गेली असं ठरलं की तिची पोटगी लटकते आणि नवऱ्याला सुटकेची वाट सापडते. पण शेवंतीच्या चाळीच्या भिंती पातळ. समोरच्या खोलीतली विमला पिंजऱ्यात उभी राहिली आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली, "ह्येनाच तिची ट्रंक बोटीच्या धक्क्यार नेल्यान, मी बघलंय. पळान जाणाऱ्या बायलेची ट्रंक काय घोव उचलता?" घोव म्हणजे नवरा, हे मॅजिस्ट्रेटला सांगावं लागलं नाही; तोही कोकणातला असावा, हसू दाबताना त्याला ठसका लागला. पोटगी मंजूर झाली. पुढच्या रविवारी शेवंती आली, शेजारणीचं काम झालं म्हणाली, आणि माझ्यापुढे शहाळं ठेवून निघून गेली.

आता तुझ्या शेजारणीचं बघ. ती राहते ब्लॉकमध्ये. दाराला लॅच, खिडक्यांना पडदे, आजूबाजूला शिकलेली माणसं. शिकलेल्या माणसाला भिंतीपलीकडचं रडणं ऐकू आलं तरी जिन्यात भेटल्यावर तो थंडीबद्दलच बोलतो. तिची ट्रंक कोणी उचलून टॅक्सीत ठेवली, हे सांगायला तिथून एक विमला निघणार नाही; निघालीच तर तिचा नवरा तिला आत बोलावून घेईल. कमिटीच्या पाटीवरचा 'गोरगरीब' हा शब्द कोणासाठी होता, याचा मला हल्ली नीट उलगडा होत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जाऊ नये. हवापालटाला नाही, सणाला नाही, भाच्याच्या मुंजीलाही नाही. कुठल्याही कागदावर सही करू नये. नवरा गोड बोलू लागला तर दोन दिवस जास्तच सावध राहावं. प्रकृतीला मुलुंडची हवा मानवते, असं सांगावं. हात उगारला तर मात्र कायदा बाजूला ठेवून तडक निघून यावं. पुढचं मी बघून घेईन.

नुसतं बसून राहणं दिसतं तेवढं सोपं नाही, हे मला कळतं. कुंदाआत्याच्या लग्नात मुलांची पंगत जिलबी यायच्या आधीच उठवायला निघाले होते, आठवतं? मोठ्यांना भूक लागली होती. आम्ही सगळी पोरं गुमान उठलो. तू दोन्ही हातांनी पाट धरून बसलीस. मामा आले, काका आले, शेवटी वरमाई आली. तू रडली नाहीस, बोलली नाहीस. अखेर जिलबी आली. त्यातली अर्धी तू मला दिलीस आणि वर मूर्ख म्हणालीस. पुढे वकील मी झालो, पण घरातला पहिला दावा तू जिंकलास.

आता शेजारणीला तिच्या घरी जाऊ दे, आपण आपलं बोलू. भाऊ ठेवून घेईल का, हे मला विचारायला तुला एक बाई उभी करावी लागली, ते फार लागलं गं. घर तुझंच आहे. पत्र वाचल्याबरोबर तुला आणायला मी कोट चढवला होता; प्रेमाने तो उतरवला. म्हणाली, "ओट्यावर लोकांच्या बहिणींना काय सांगता, आणि आपलीला उचलून आणताय?" म्हणून तू यायचं नाहीस. आम्ही येतो. येत्या शनिवारी, दोघंही, वळकटी घेऊन. परतायचं कधी ते ठरवलेलं नाही, आणि प्रेमाने लोणच्याची बरणी बांधली आहे यावरून लवकर नसावं. श्यामसुंदरराव, बायकोची पत्रं आपण आधी फोडता हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आज अक्षर इतकं सुवाच्य काढलं. आपल्या घरी दोन साक्षीदार राहायला येत आहेत. एकाला चहा बिनसाखरेचा लागतो, दुसरीला झोप कमी आणि ऐकू फार चांगलं येतं. वाचून झालं की पत्र तिच्या हातात द्या. नाही दिलंत, तरी शनिवारी दार तीच उघडेल.

तुझाच,
दादा